तेरवीच्या मांडवातला शब्द

तेरवीच्या मांडवात माइक कशाला आणला, हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. तेरवीला लोक येतात, पंगतीला बसतात, वडा-भात खातात, डोळे पुसतात आणि आपल्या घरी जातात. मेलेल्या पोराचं नाव घ्यायला माइक लागत नाही. आमच्या ह्यांना लागला. मी मागच्या अंगणात चुलीवरून वरणाचा गंज उतरवत होते, तेवढ्यात समोरून आवाज आला, "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन."

लोक ह्यांना रुपरावजी म्हणतात. जन्मभर एका शाळेत शिपाई होते. पंधरा ऑगस्ट असो की सव्वीस जानेवारी, माइक लावायचं काम ह्यांचं. हॅलो, एक, दोन, तीन एवढं बोलायचं, आवाज बरोबर आला की माइक हेडमास्तरच्या हातात द्यायचा आणि भिंतीला टेकून उभं राहायचं. घरी मी बोलू देत नाही, असं लोक सांगतात. बोलू दिलं असतं, पण बोलण्यासारखं काही असावं लागतं. त्या दिवशी मात्र ह्यांच्या हातून माइक घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

माइक, मांडव, खुर्च्या, सगळं मधुकररावानं पाठवलं होतं. ह्या माणसाला महापालिकेत निवडून यायचं आहे. आमच्या लेआउटात आजवर त्याची गाडी फक्त मतं मागायला आली, पण सुशील गेल्यापासून रोज येत होती. मांडवाच्या तोंडाशी त्यानं फलक लावला होता. त्यावर माझ्या पोराचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि मधुकररावाचा फोटो परातीएवढा.

मी पदराला हात पुसत समोर आले. हे बोलत होते. "माह्या सुशीलनं पाच दुश्मन मारले. एकट्यानं मारले. मंग छातीवर गोळी घेतली." लोक टाळ्या वाजवत होते. तेरवीला टाळ्या. मी माझ्या एवढ्या वयात कुठे ऐकल्या नव्हत्या. टाळ्या थांबेपर्यंत हे थांबले, जसा हेडमास्तर थांबायचा. मग म्हणाले, "माह्याजवळ अजून एक पोरगा आहे. त्यालेही मी देशाले देतो."

आमच्यात तेरवीच्या दिवशी ज्यानं अग्नी दिला त्याला पाटावर बसवतात आणि मामा त्याच्या डोक्याला दुपट्टा बांधतो. बापानं पोराला अग्नी द्यायचा नसतो, म्हणून सुशीलला त्याच्या धाकट्या भावानं दिला होता. दुर्गेश पाटावर बसला होता, उघड्या अंगाचा, मुंडण केलेला. माझा भाऊ गणपतराव रामटेककडून आला होता. तो नवा दुपट्टा घेऊन पुढे होणार, तेवढ्यात ह्यांनी टेबलावरची टोपी उचलली. झेंड्याच्या घडीसोबत फौजेनं आम्हाला दिलेली, सुशीलची टोपी. ती ह्यांनी दुर्गेशच्या डोक्यावर ठेवली.

गणपतरावाचा हात तिथेच थांबला. तेरवीच्या पाटावर डोक्यावर जे चढतं, ते त्या पोराच्या वाट्याला आलं असं आम्ही मानतो. वावराचा कागद चढला तर वावर, घराची किल्ली चढली तर घर. चार भावकीच्या माणसांसमोर चढलेलं कोणी उतरवत नाही. मांडवातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळलं, त्यांनी तोंडाला पदर लावला. जवान पोट्ट्यांना काय कळणार, त्यांनी मोबाइल वर केले.

टोपी दुर्गेशच्या कानांपर्यंत उतरली होती. तो माझ्याकडे पाहत होता. मिहानमध्ये एका कंपनीत एसी दुरुस्तीचं काम शिकतो हा पोरगा. दिवाळीत बाहेर फटाक्यांची लड लागली की न्हाणीत जाऊन बसायचा आणि वरून नळ सोडायचा.

सुशील असा नव्हता. सुशील कसा होता हे सांगायला मात्र मला जड जातं, कारण सांगण्यासारखं त्यानं काही केलं नाही. शाळेत मधल्या बाकावर बसला. नापास झाला नाही, नंबर आला नाही. मास्तरला वर्ष संपेपर्यंत त्याचं नाव येत नसे, आणि बाप त्याच शाळेत शिपाई. कोणी मारलं तर घरी सांगायचा नाही. जेवायला काय आहे हे त्यानं कधी विचारलं नाही, जे पानात पडलं ते खाल्लं. दिघोरीच्या आमच्या घरून पहाटे निघून रिंग रोडवर धावायला जायचा. भरतीत पहिल्यांदा छाती कमी भरली. दुसऱ्यांदा कानात काही दोष काढला. मी त्याला चणे भिजवून द्यायची, गुळासोबत. तिसऱ्या वेळी घेतला. घरी येऊन म्हणाला, "माय, झालं." एवढंच. मी म्हटलं, "काय झालं, लग्न का?" तर हसला.

पायदळात शिपाई. सात वर्षं तो काय काम करायचा, हे मी एकदा विचारलं होतं.

"खोदतो माय."

"काय खोदता?"

"खड्डे. मोर्चे म्हणतात."

"कायले?"

"लपायले."

"मंग आपल्या धानाच्या बांधीतच खोदला असता. लपायले एवढ्या दूर काहून गेला?"

"तिकडं पगार भेटते ना वं माय."

सुट्टीवर आला की पहिला दिवस झोपायचा. दुसऱ्या दिवशी कूलरची टाकी घासायचा, जाळीतलं जुनं गवत काढून नवं भरायचा. चादरीची घडी अशी करायचा की दुकानात ठेवावी. एकदा मला महालच्या बाजारात घेऊन गेला, पातळ घ्यायला. दुकानदारानं सांगितली ती किंमत ह्यानं मुकाट दिली. मी भर दुकानात त्याला झापलं, "बंदूक चालवते म्हणे, आन भाव करता येत नाही." तो दुकानदाराला म्हणाला, "आमचं सगळं भांडण आईच करते." त्या अरुंद गल्लीतून मला गाडीवर मागे बसवून आणताना त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही. लोक बाजूला होईस्तोवर पाय टेकून उभा राहायचा. अशा माणसाच्या नावावर ह्यांनी पाच मुडदे लिहिले.

शेवटच्या सुट्टीत दुर्गेशनं गंमत म्हणून त्याचे फौजेचे बूट घातले आणि अंगणात धाडधाड चालला. सुशील पायरीवर बसून दाढी करत होता. त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"काढ ते."

"काहून गा भाऊ, मस्त तं बसले."

"काढ म्हटलं ना. तुह्या मापाचे नाहीत."

दोघांचं माप एकच होतं. दोघांच्या चपला मीच आणायची, मला ठाऊक नसणार का. पण मी काही बोलले नाही, आणि सुशीलनं त्या दिवशी ते बूट पेटीत बंद करून ठेवले.

उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. त्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "कसा आहे?" म्हणाला, "बरा आहे. कूलर लावला का?" मी म्हटलं, "लावला." म्हणाला, "मंग झालं." पुढे फोन नाही.

ज्या दिवशी फौजेची दोन माणसं आली, त्या दिवशी मी गच्चीवर सांडगे घालत होते. खाली आले. ऊन असं की फाटकाला हात लावला तर भाजेल. ते काही बोलायच्या आत मी त्यांना बसवलं, माठातलं पाणी दिलं. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग काम, ही आमच्या घराची रीत आहे. त्यातला मोठा साहेब पेला हातात धरून उभाच राहिला. त्याला ते पाणी पिता येईना. तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "प्या. सांगणारच आहा तं पिऊन सांगा."

पेटी विमानानं आली. विमानतळापासून घरापर्यंत माणसंच माणसं. पेटीच्या काचेतून तोंड पाहू दिलं. कोणी तरी त्याचा भांग उजवीकडून पाडला होता. मी साहेबाला म्हटलं, उघडा, मी नीट करते. त्यानं मान हलवली. बाकीचं मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

तेरवीच्या दिवशी, मांडवातला तो तमाशा झाल्यावर पंगती बसल्या. एक पोरगा पानावरून तसाच उठला. तो धम्मानंद. उमरेडकडचा, सुशीलच्याच पलटणीतला, पेटीसोबत आला होता आणि तेरवीसाठी आपल्या गावीच थांबला होता. ह्यांचं भाषण चालू असताना तो पूर्ण वेळ जमिनीकडे पाहत होता, ते मी पाहिलं होतं. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"जेवला नाही काहून?"

"भूक नाही माय."

"भूक नसली तरी तेरवीच्या पानावरून उठत नसतात. बस इथं."

बसला. मी वाढलं. मग समोर पाट घेऊन बसले.

"पाच मारले का त्यानं?"

"काकाजी म्हणतात ना…"

"त्याईचं राहू दे. मी तुले विचारून राहिली."

त्यानं भात कालवला, पण घास उचलला नाही. "आमी दोघं भात घेऊन वर चाललो होतो माय. वरच्या मोर्च्यावरचे पोट्टे आदल्या दिवसापासून उपाशी होते. तोफा चालू होत्या म्हणून कोणी जाऊन नव्हतं राहिलं. सुशील म्हणाला, चल, आपण देऊन येऊ. भाताची डेग बांबूले अडकवली. पुढं मी, मांगं तो. गोळा मांगं पडला."

"लगेच गेला?"

ह्या प्रश्नाला हो म्हणायचं असतं. जगात सगळे हो म्हणतात. त्या पोट्ट्याला खोटं बोलता आलं नाही.

"नाही माय."

"काही बोलला?"

"पाणी मांगत होता."

"दिलं?"

धम्मानंदनं हात पानावरून मागे घेतला. "नाही दिलं. पोटात लागलं असलं तं पाणी देत नाहीत, आमाले तसंच शिकवलं आहे. पाणी दिलं की माणूस जाते. मले वाटलं हा वाचते. खाली नेऊ, डॉक्टर पाहतीन. मी रुमाल ओला करून त्याच्या ओठावर फिरवला. तो म्हणे, दे ना बे थोडंसं. बाटली माह्या कमरेलेच होती माय. भरलेली होती."

आमच्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. ज्याचं कोणी नाही त्याच्या तोंडात शेजारी घालतो, रस्त्यावर पडलेल्या भिकाऱ्याच्या तोंडात रिक्षावाला घालतो. माझा पोरगा भात घेऊन जाताना तहानेला गेला. बाहेर लोक मठ्ठ्यासाठी हाका मारत होते.

मी विचारलं, "वाचावा म्हणून नाही दिलं ना तू?"

"हव माय."

"मंग जेव."

तो जेवला. डोळे गळत होते आणि जेवत होता. मी वाढत गेले. त्याच्या पानातला भात संपला की मी पुन्हा वाढायची, तो नाही म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मांडववाले बांबू काढायला आले. मी ह्यांना आत बोलावलं आणि धम्मानंदनं सांगितलेलं सगळं सांगितलं, पाण्यासकट. हे खाटेवर बसले. खूप वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होते. मग म्हणाले, "हे लोकांले कसं सांगू? भात नेऊन राहिला होता म्हणून सांगू?"

"हव. भात नेऊन राहिला होता म्हणून सांगा. उपाशी पोट्ट्यांले भात नेणं काय चोरी आहे?"

"तसं नाही वं…"

"आन ते जाऊ द्या. पाच मारले म्हणा की पन्नास मारले म्हणा, त्याले आता फरक पडत नाही. दुर्गेशचं काय बोलून बसले तुम्ही? तो कोणाचा आहे द्यायले? तुमच्या शाळेची खुर्ची आहे का तो, उचलली आन साहेबाखाली ठेवली?"

तेव्हा हे बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर एवढं बोलले. "मी जन्मभर लोकांले माइक लावून दिला. माह्या बोलण्याले कोणी थांबलं नाही, तू बी नाही. आता मी बोललो तं माणसं उभी राहून राहिली. हेडमास्तर माह्या पाया पडला, कौशल्ये. पोरगा तं गेला. माह्याजवळ दुसरं काय उरलं, सांग."

"दुर्गेश उरला," मी म्हटलं.

 बाहेर बांबू पडल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "चूक झाली. माघार घेतो. चौकाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर घेतो."

आमच्या लेआउटच्या चौकाला सुशीलचं नाव द्यायचं मधुकररावानं ठरवलं होतं. मला वाटलं, जिथं शब्द दिला तिथंच परत घेतलेला बरा. घरात घेतलेली माघार लोकांपर्यंत जात नाही, आणि मांडवातली गोष्ट तर साऱ्या दिघोरीच्या मोबाइलवर फिरत होती. दुर्गेशला पानठेल्यावर पोट्टे सलाम ठोकायचे. "काय जवान, कधी जाऊन राहिला?" कंपनीत त्याच्या साहेबानं केक कापला. तो केक त्यानं घरी आणला नाही.

मी मधुकररावाच्या घरीही जाऊन आले. म्हटलं, "तुमाले पण दोन पोरं आहेत ना?" म्हणाला, "आहेत ना माय. एक पुण्याले शिकते, एक बाहेर देशात." म्हटलं, "मंग त्यातला एक द्या, माह्या पोराच्या सोबतीले." तो मोठ्यानं हसला, जशी मी गंमत केली. चहा दिला. मी प्यायले नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहिल्या ओळीत बसले. ह्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्यावर पांढरी टोपी. घरून निघताना मला म्हणाले, "सांगतो मी. चिंता नको करू." त्यांच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला. पडदा सरला, पाटी दिसली, नारळ फुटला. ह्यांच्या हातात माइक दिला. दुर्गेश बाजूला उभा होता, ह्या वेळी टोपी त्याच्या हातात होती.

"मी त्या दिवशी तेरवीले एक बोललो होतो," हे म्हणाले.

सगळे शांत झाले. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. दुर्गेशनं मान वर केली. मला वाटलं, आता. मी मनात म्हणत होते, बोला, तुम्ही एवढं एक बोला, मग जन्मभर मी तुमचं ऐकते.

मागून कोण्या पोट्ट्यानं आरोळी दिली, "वीरपिता रुपरावजी आगे बढो." दुसऱ्यानं उचलली, तिसऱ्यानं उचलली. सारा चौक ओरडायला लागला. ह्यांनी लोकांकडे पाहिलं, उजवीकडून डावीकडे, सावकाश. मग माइक तोंडाजवळ घेतला.

"जे बोललो होतो, ते आज पुन्हा बोलतो."

दुर्गेशनं डोळे मिटले. ते मी पाहिलं, बाकी कोणी नाही. बाकीचे टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर मी ह्यांना काही म्हटलं नाही. दुर्गेशला बोलावलं.

"तू नको जाऊ. लोकांले मी पाहून घेईन. एकेकाची खबर घेते."

"किती जणांची घेशील माय?"

"जेवढे येतीन तेवढ्यांची."

तो न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला होता. "आता नाही गेलो तं बाबा खोटे पडतात. लोक म्हणतीन, एक भाऊ वाघ होता, एक लेंडी निघाला."

"पडू दे खोटे. आन म्हणू दे."

"तुले जमते वं ते. मले नाही जमत." मग म्हणाला, "मले भीती वाटते माय. पण गेलो तरी वाटते आन राहिलो तरी वाटते. मंग गेलेलं बरं."

पोराला अडवायला माझ्याजवळ दुसरं काही उरलं नाही, तेव्हा मी चुलीजवळ गेले. भरतीची परीक्षा तो पास झाला होता, आता धावणं बाकी होतं. सुशीलच्या वेळी मी चणे भिजवले होते, दुर्गेशला मी पुरण घातलं. धावायच्या आदल्या दिवशी पुरणपोळी केली, वर वाटीभर तूप, सोबत तळलेली पाटवडी, भजी, कढी. मनात म्हटलं, जड होऊ दे पोट. दम लागू दे. चार पावलांवर बसू दे. माझ्या हातचं खाऊन आजवर कोणाचं वाईट झालं नव्हतं, त्या दिवशी मी तेच मागत होते.

त्याला कळलं असावं. पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि सगळं खाल्लं. एकेक पोळी मागून घेतली. "अजून वाढ माय," म्हणत होता. मी वाढत होते. त्यालाही वाटत असेल, पोट जड व्हावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला, चिखलानं माखलेला. दारातच उभा राहिला.

"काय झालं?"

"झालं," म्हणाला.

अगदी भावासारखं. पोट माझ्यावर गेलं होतं, पण पाय सुशीलवर गेले होते. भल्याभल्यांना मागे टाकून आला होता. हे आतून पेढ्याचा डबा घेऊन आले. डबा आधीच आणून ठेवला होता. दुर्गेशनं एक पेढा तोंडात घेतला आणि मागच्या अंगणात जाऊन ओकला.

तो गेला त्या दिवशी नागपूर स्टेशनवर मधुकररावानं संदलचा ताफा आणला होता, डफ बडवत, गुलाल उधळत. प्लॅटफॉर्मवरच्या हमालांनी गाड्या थांबवून पाहिलं. दुर्गेशच्या गळ्यात एवढे हार की मला त्याच्या गळ्याला हात लावता येईना. मी डबा दिला. पाण्याची बाटली दिली, मोठी, थंड राहणारी. म्हटलं, "हे कोणी नको म्हटलं तरी पीत जाशील." त्याला काय ठाऊक मी काय सांगते. त्याला धम्मानंदची गोष्ट आम्ही सांगितली नव्हती. "हव माय," म्हणाला. खिडकीपाशी बसला. बापाकडे पाहून त्यानं हात जोडले, जसे परक्या माणसाला जोडतात. ह्यांनी सलाम ठोकला. फोटो निघाले.

गाडी हलली तसा संदल थांबला. वाजवणाऱ्यांना दुसरीकडे वरातीला जायचं होतं. मधुकररावाला फोन आला, तो बोलत बोलत जिन्याकडे गेला, त्याच्यामागे सगळी माणसं गेली. प्लॅटफॉर्मवर झाडूवाली आली आणि गुलाल गोळा करू लागली. आम्ही दोघंच उरलो. ह्यांच्या गळ्यात एक हार राहिला होता. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कोणी बोलायला नव्हतं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सकाळपासून खाल्लं नाही तू काही. चाल, पोहे खाऊ. आन बोल ना वं काही तरी. किती दिवसांची बोलली नाही."

झाडूवाली थांबली होती. तिच्यासमोर मी बोलले, आवाज न चढवता.

"बोलते. आयका. सुशील आपल्या मनानं गेला होता. तो मेला, मी रडली, अजून रडीन. ह्याले तुम्ही देऊन टाकलं. दिलेली वस्तू परत आली तरी आपली राहत नाही. उद्या हा सुट्टीवर येईन, माह्या हातचं जेवीन, पण तो माहा नसते आता, आन तुमचा तं नसतेच. माहे दोन पोरं होते. एकाले तोफेनं नेलं, आन एकाले त्याच्या बापानं."